‘स्टँपीड’ शब्दाचा माग: जत्रा-पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2026

आज वाचनालयात बैठक झाली आणि काम पक्कं झालं. एप्रिलमध्ये गावची महालक्ष्मी यात्रा आहे. बऱ्याच वर्षांनी भरते आहे, त्यामुळं माहेरवाशिणी, पै-पाहुणे, गोवा-पुण्याला कामाला गेलेली मुलं, खानापूर-बेळगाव पट्ट्यातली सगळी सोयरीक गावात उतरणार. यात्रा कमिटीचं म्हणणं असं की स्वयंसेवकांच्या हातात एक छोटी पुस्तिका असावी, गर्दीत काय करायचं आणि काय करायचं नाही याची, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत. मराठी मजकूर माझ्याकडं आला. कानडीचं हायस्कूलचे सर बघतील. आमच्या शाळेतली नववीची मुलं घरोघरी फिरून शब्द आणि आठवणी गोळा करतील. इंग्रजीच्या तासाचा प्रकल्प म्हणून मी त्यांना तेच काम दिलं आहे.

कमिटीनं हे मनावर घेतलं त्यामागं गेल्या वर्षीचा 4 जून आहे. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवाला जमलेल्या गर्दीत 11 जणांचा जीव गेला. आमच्याकडची कितीतरी मुलं तिथं शिकतात, नोकरी करतात. त्या संध्याकाळी गावात घरोघरी फोन चालू होते.

9 जानेवारी

वाचायला घेतलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2014 साली गर्दीच्या ठिकाणांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. तिची इंग्रजी प्रत, इंग्रजी वर्तमानपत्रं, चौकश्यांच्या बातम्या, जिथं बघावं तिथं एकच शब्द: स्टँपीड. मुलांना तो फळ्यावर लिहून दिला आणि आपल्याकडं याला काय म्हणतात ते घरी विचारून यायला सांगितलं.

मुलांनी आणलेले शब्द: चेंगराचेंगरी, रेटारेटी, ढकलाढकली, पळापळ, पांगापांग, दाणादाण, हूल उठणं, बुजणं, उधळणं. एका मुलीच्या आजीनं ‘लोंढा’ सांगितला. आमच्या तालुक्यात लोंढा म्हटलं की आधी रेल्वे जंक्शनच आठवतं, पण शब्द नेमका आहे.

यादीवरून नजर फिरवली की लक्षात येतं, यातले काही शब्द पळण्याचे आहेत, काही दबण्याचे, काही भीतीचे. इंग्रजीत हे सगळं एकाच शब्दात बसवलेलं आहे. आता स्वयंसेवकाला ‘पळापळ होऊ देऊ नका’ असं सांगायचं की ‘दाब वाढू देऊ नका’ असं? दोन्हींसाठी करायची कामं वेगळी. तेव्हा मजकूर लिहायच्या आधी या इंग्रजी शब्दाची कुळी काढायची.

12 जानेवारी

शब्दाचं मूळ सापडलं, आणि ते चांगलंच रंजक आहे.

इंग्रजीत हा शब्द सुमारे दोनशे वर्षांचा. तो इंग्लंडातला नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकोच्या सरहद्दीवर, स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांकडून इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो उचलला. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये ‘एस्तांपीदा’ म्हणजे जनावरांचा कळप एकाएकी बिथरून पळत सुटणं. सुरुवातीला इंग्रजीत त्याचं ‘स्टँपीडो’ असंही रूप होतं, मग शेवटचा ओ गळाला. रँच, रोडिओ, लासो, ब्राँको, मस्टँग हे शब्द याच वाटेनं आले. गुरांचा धंदा आधीपासून स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या हातात होता, म्हणून त्या धंद्याची भाषाही त्यांचीच राहिली. सरहद्दीवर राहणाऱ्या आम्हाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अक्का, तूप, अडकित्ता हे कानडीकडून घेऊन आपण किती पिढ्या वापरतो आहोत.

मेक्सिकोच्या मागं स्पेन. तिथल्या स्पॅनिशमध्ये या शब्दाचा जुना अर्थ दणका, धडाका, गोंगाट असा आहे. बंदुकीच्या बाराला स्पॅनिशमध्ये आजही ‘एस्तांपीदो’ म्हणतात. म्हणजे या शब्दात आधी आवाज होता. आवाजानं जनावरं पळतात, म्हणून पुढं पळण्यालाच तो शब्द चिकटला. त्याच्याही मागं ‘एस्तांपार’ हे क्रियापद: दाबणं, ठसा उठवणं. त्याचं मूळ जर्मानिक भाषांत आहे आणि इंग्रजीतला ‘स्टँप’ त्याच घराण्यातला, पाय आपटण्याचाही आणि शिक्का मारण्याचाही. मध्ययुगात दक्षिण फ्रान्समध्ये ‘एस्तांपीदा’ नावाचा एक गाण्या-नाचण्याचा प्रकारही होता.

मुलांना वर्गात हे सांगितलं तेव्हा एकानं पोस्टाच्या तिकिटाकडं बोट दाखवून विचारलं, “बाई, मग ह्यो आणि त्यो एकाच घरातले काय?” एकाच घरातले.

‘पॅनिक’ही तपासला. ग्रीकांचा पॅन हा धनगर-मेंढपाळांचा देव. रानात काही दिसत नसताना कळप अचानक बिचकला तर ती त्याची करणी मानायचे. माणसांच्या घबराटीला इंग्रजीत जे दोन शब्द सर्रास वापरतात ते दोन्ही जनावरांच्या कळपातून आलेले आहेत, ही गोष्ट टिपून ठेवते. पुढं कामाला येईल.

15 जानेवारी

संक्रांत झाली. मुलांना घेऊन तात्यांच्या गोठ्यावर गेलो. तात्यांनी जन्मभर खिल्लार बैल बाळगले आणि बेंदराला (बैलांच्या सणाला) कर, म्हणजे तोरणासारखा दोर, तोडताना त्यांचा बैल कितीदा तरी पुढं असायचा. वेशीत बांधलेली कर तोडायला बैल पळवतात तेव्हा दोन्ही बाजूंना माणसांची भिंत असते, हलगी वाजत असते, शिट्ट्या चालू असतात. अशा गलक्यात बैल सरळ पळतो आणि कुणाला लागत नाही, तेच बैल एखाद्या दिवशी मोकळ्या रानात जोत सोडून उधळतात. हे कसं, असं मुलांनी विचारलं.

तात्या म्हणाले, “बैल येड्यागत पळत न्हाई. त्याला कायतरी दिसलेलं असतंय, न्हाईतर ऐकू आलेलं असतंय. आपल्याला दिसलं न्हाई म्हणून त्यो उगंच पळाला म्हणायचं व्हय?”

मग त्यांनी दाखवलं. गोठ्याच्या दारातल्या कुडावर एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती, वारा आला की फडफडायची. दावणीचा अलीकडचा बैल आधी चरायचा थांबला. दोन्ही कान पुढं ताठ. नाकपुड्या मोठ्या. मान वर गेली आणि अंगाचा भार मागच्या पायांवर आला, पुढचा डावा खूर जमिनीवरून इंचभर उचललेला. पलीकडच्या बैलाला तिथून पिशवी दिसतच नव्हती, मधे गव्हाणीचा खांब. तो पहिल्या बैलाकडं बघत होता. पहिल्याचे कान ताठ झाले तसे याचेही झाले. तात्यांनी पिशवी काढून घेतली, पहिल्याच्या वशिंडावर हात ठेवला, “हो हो” म्हणाले, आणि दोघेही पुन्हा वैरणीला लागले.

पहिला बैल बुजला होता. दुसरा बुजलेल्याला बघून बुजला होता. तात्यांच्या बोलण्यात हा फरक पक्का आहे: बुजतो एक, उधळतात सगळे. खानापूरच्या रानातल्या गव्यांचंही तसंच, ते म्हणाले. रात्री उसात शिरलेल्या कळपावर बॅटरी मारली तर एक गवा फुसकारतो आणि बाकीचे त्याच्या अंगाला अंग लावून निघतात, मग वाटेत माणूस आहे की मोटरसायकल ते बघत नाहीत.

स्टँपीडला अगदी तंतोतंत मराठी शब्द हवा असेल तर तो ‘उधळणं’. मात्र आमच्या यात्रेत उधळण होते ती भंडाऱ्याची. व्हन्नाटाच्या वेळी, म्हणजे देवी नाचवत मिरवताना, देवीपुढं अख्खी वाट पिवळी होते. पुस्तिकेत ‘गर्दी उधळली’ असं लिहिलं तर वाचणारा भलतंच समजेल.

18 जानेवारी

शब्द जिथं घडला तिथलं थोडं वाचलं. अमेरिकेतलं 1861 ते 1865 चं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची गुरं अमाप होती आणि उत्तरेकडं मांसाला गिऱ्हाईक होतं. 1867 पासून गुराखी चिझम ट्रेल नावाच्या वाटेनं कळप हाकत कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचे. दोन-दोन हजार गुरं, आणि सोबत मोजकेच घोडेस्वार. सगळ्यांत मोठी भीती रात्रीची. वीज कडाडली, भांडं पडलं, घोड्यानं खूर आपटला, एवढ्यानं कळप उठायचा.

यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. रात्री पहारा देणारे घोडेस्वार कळपाभोवती हळू फिरत गाणी म्हणत. एकसारखा ओळखीचा आवाज कानावर असला की मधेच झालेल्या आवाजाला जनावर तितकं दचकत नाही. आणि कळप उठलाच तर मागून आवरायला कुणी जायचं नाही. घोडा दामटून कळपाच्या पुढं गाठायचं, पुढच्या जनावरांना एका बाजूला वळवायचं, म्हणजे सगळा कळप हळूहळू गोल फिरायला लागतो आणि थकून थांबतो.

याची दुसरी, फार जुनी बाजू कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात आहे. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं गव्यांसारख्या बायसनांचे कळप मुद्दाम बिथरवून कड्याकडं पळवत आणि खाली शिकार करत. हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप नावाची ती जागा 1981 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं काय घडत असेल याचा विचार करा. पुढच्या जनावराला कडा दिसतो. ते थांबू बघतं. मागच्यांना कडा दिसत नाही, ते रेटत येतात. पुढच्याला कळलेलं मागच्यापर्यंत पोचवायला कळपाकडं काही साधन नसतं.

हे वाक्य मी पुस्तिकेच्या मसुद्यात माणसांबद्दल जसंच्या तसं घेतलं आहे.

21 जानेवारी

शब्दाचे बाकीचे अर्थ, थोडक्यात. 1896 मध्ये कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत सुमारे एक लाख माणसं तिकडं निघाली असा अंदाज आहे. त्यांना ‘स्टँपीडर’ म्हणत. अमेरिकेतल्या राजकीय अधिवेशनांत सगळे प्रतिनिधी एकदम एकाच उमेदवाराकडं वळले की तोही स्टँपीड. एखाद्याला विचार करायला वेळ न देता निर्णय घ्यायला लावणं, त्यालाही हेच क्रियापद. आणि 1912 साली कॅल्गरी शहरात गुराख्यांच्या कसबांचा जो मोठा मेळा सुरू झाला त्याचं नावच कॅल्गरी स्टँपीड. तिथं तो शब्द अभिमानाचा आहे.

या सगळ्या अर्थांत एक बघतो आणि बाकीचे धावतात. चेंगरून कुणी मरत नाही. मरणाचा अर्थ वर्तमानपत्रांनी जोडला.

25 जानेवारी

आज मांढरदेवीला 21 वर्षं झाली. 25 जानेवारी 2005, पौष पौर्णिमा, वाईजवळच्या डोंगरावर काळुबाईची जत्रा. सुमारे तीनशे माणसं गेली. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला.

वर्गात हा विषय मी काळजीपूर्वक काढला, पण मुलांच्या घरी त्या दिवसाची आठवण होती. आमच्याकडची माणसं देवाला घाटावर जातात आणि घाटावरची सौंदत्तीला, चिंचलीला येतात. घडलं ते असं. देवळाच्या पायऱ्यांवर फोडलेल्या नारळांचं पाणी आणि तेल सांडून निसरडं झालं होतं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. वरच्या पायऱ्यांवर माणसं घसरून पडली, खालून येणाऱ्यांना ते दिसलं नाही, ते चढतच राहिले. नंतर दुकानांना आग लागली, गॅसची सिलिंडरं फुटली.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी याला स्टँपीड म्हटलं. पहिली माणसं पडली तेव्हा तिथं उधळलेलं कोण होतं? माणसं देवीच्या दर्शनाला पायऱ्या चढत होती.

3 फेब्रुवारी

परवा भारत पौर्णिमा, म्हणजे माघी पौर्णिमा, झाली. सौंदत्तीहून माणसं परतली, कपाळावर अजून भंडारा आहे. जोगुळबावीपासून डोंगरापर्यंत कुठं दाटी होते, कुठं मोकळं होतं हे मुलं त्यांना विचारून नकाशावर मांडत आहेत.

8 फेब्रुवारी

आज शाळेच्या मैदानावर चुन्यानं एक चौकोन आखला, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. आपल्या फुटांत पावणेअकरा चौरस फूट. यात्रेचे स्वयंसेवक बोलावले होते, सगळे अंगापिंडानं मजबूत.

दोघं उभे राहिले, आरामात हात हलवत होते. चौघं झाले तेव्हा एकमेकांना न लागता उभं राहता येत होतं, पण वळायचं तर शेजाऱ्याला सांगावं लागत होतं. सहावा आत शिरला तेव्हा सगळ्यांचे हात अंगाला चिकटले. सातव्याला आत घ्यायला बाकीच्यांना छाती आक्रसावी लागली. मी त्यातल्या एकाला सांगितलं, खाली वाकून बुटाची नाडी बांधा. त्याला गुडघाही वाकवता येईना. दुसऱ्याला हळूच बाजूला सरकायला सांगितलं, तो सरकला तसे सातही जण एकदम सरकले आणि कडेच्याचा पाय चौकोनाबाहेर पडला. सगळे लगेच मोकळे झाले, कारण मैदान मोकळं होतं.

जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्यानं गर्दीच्या दुर्घटनांवर जे लिहिलं आहे त्याचं सार याच चौकोनात आहे. चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पातळ पदार्थासारखी वागते. तिच्यातून लाटा जातात, लाट माणसाला पायांवरून उचलून काही अंतर नेते, आणि कुठल्याही एका माणसाच्या मर्जीवर काही उरत नाही. लोखंडी कठडे वाकलेले आढळले आहेत. माणसं मरतात ती मुख्यतः छाती फुगवायला जागा न उरल्यानं, श्वास कोंडून. कित्येक जण उभ्या-उभ्याच जातात. पायांखाली तुडवलं जाणं हे आपल्या डोळ्यांपुढं येतं, पण बहुतेकांचा जीव त्यानं जात नाही.

स्वयंसेवकांतला एक जण चौकोनाबाहेर येऊन म्हणाला, “मला बाहेर पडायचं होतं बाई, पण ढकलणारा कोण ते कळंना.” कुणीच ढकलत नव्हतं.

14 फेब्रुवारी

कमिटीच्या बैठकीत एका जाणत्या सभासदांनी मुद्दा मांडला: लोकांना शिस्त नाही, म्हणून असं होतं, पुस्तिकेत पहिलं वाक्य शिस्तीचं घाला. त्यांच्या मनात गावाबद्दल माया आहे, म्हणून मी सविस्तर बोलले.

इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात हिल्सबरो मैदानावर 15 एप्रिल 1989 ला फुटबॉल सामन्याच्या वेळी माणसं चिरडली. मृतांचा आकडा पुढं 97 पर्यंत गेला. बाहेर दाटी झाली म्हणून पोलिसांनी एक दार उघडलं, आणि माणसं एका बोगद्यातून आधीच भरलेल्या, जाळीनं बंद असलेल्या कप्प्यांत गेली. दुसऱ्या दिवसापासून प्रेक्षकांनाच दोष दिला गेला: दारू प्यायले होते, घुसले होते. 2016 साली नव्यानं झालेल्या चौकशीत ज्यूरीनं निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा ठरतात आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही हात नव्हता. घरच्यांना हे ऐकायला 27 वर्षं थांबावं लागलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. सिनसिनाटी शहरात 3 डिसेंबर 1979 ला गाण्याच्या कार्यक्रमाच्या दाराशी 11 जण गेले. वर्तमानपत्रांनी स्टँपीड म्हटलं, जमावाला रानटी म्हटलं. नॉरिस जॉन्सन या समाजशास्त्रज्ञानं नंतर पोलिसांकडच्या जबान्या तपासल्या तेव्हा दिसलं की माणसं एकमेकांना उचलत होती, अनोळखी मुलींना वाट करून द्यायला बघत होती. शक्ती संपेपर्यंत मदत चालू होती.

एक शब्द अख्ख्या चौकशीची दिशा ठरवू शकतो. कळप उधळला म्हटलं की दोष कळपाचा होतो आणि दार किती रुंद होतं, दोरखंड कुणी बांधला, आत किती जण आहेत हे बाहेर कोण सांगत होतं, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. मेलेल्या माणसाच्या पोराबाळांना आयुष्यभर ‘गर्दीत घुसायला गेला होता’ हे ऐकावं लागतं. हे मला सहन होत नाही, आणि आमच्या गावच्या पुस्तिकेत ते असणार नाही.

सभासदांनी ऐकून घेतलं. शिस्तीचं वाक्य राहिलं, पण रांगेच्या पानावर गेलं.

20 फेब्रुवारी

कानडीच्या सरांबरोबर संध्याकाळ गेली. कानडी वर्तमानपत्रं ‘काल्तुळित’ लिहितात: कालु म्हणजे पाय, तुळि म्हणजे तुडवणं. घरगुती बोलीत त्यांच्याकडं ‘नूकुनुग्गलु’ आहे, रेटारेटी आणि दाटी. हिंदीत भगदड, म्हणजे पळणं. आणि मराठीत चेंगराचेंगरी.

चौकोनात उभं राहून जे कळलं ते याच्याशी ताडून बघितलं. पळणं कधी होतं, कधी होत नाही. तुडवणं नंतर होतं. चेंगरणं प्रत्येक वेळी होतं, आणि जीव त्यानंच जातो. आपल्या आज्यांनी वापरलेला शब्द घटनेच्या सगळ्यांत जवळ आहे. शिवाय त्याच्या घडणीत ‘एकमेकांना’ आहे, मारामारी, ढकलाढकलीसारखं. त्यात कुणी एक गुन्हेगार नाही.

ठरलं: मराठी पानांत सगळीकडं ‘चेंगराचेंगरी’. कानडी पानांत सर ‘नूकुनुग्गलु’ घेणार. वर्तमानपत्री शब्द एकदाच, ओळखीसाठी. स्टँपीड हा शब्द फक्त शेवटच्या पानावर, मुलांनी लिहिलेल्या शब्दकथेत.

1 मार्च

घबराटीला पुस्तिकेत जागा द्यायची की नाही यावर बराच विचार केला. द्यायची. खरीखुरी पळापळ होतेच. नागपुरात 23 नोव्हेंबर 1994 ला विधानभवनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर 114 जीव गेले. तिथं माणसं घाबरली, कारण घाबरायला कारण होतं, आणि पळायला वाट नव्हती. तात्यांनी बैलाबद्दल सांगितलं तेच.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला 23 जण गेले. पाऊस होता, अरुंद जिन्यावर माणसं खोळंबली होती. ‘फूल गिर गया’ असं कुणी ओरडलं ते ‘पुल गिर गया’ असं ऐकू गेलं, असं एका जखमीनं सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आमच्याकडं याला हूल उठणं म्हणतात. हुलीचं पान वेगळं केलं आहे: लाउडस्पीकरवर बोलणारा माणूस एकच असावा, त्याचा आवाज पहिल्या दिवसापासून लोकांच्या ओळखीचा असावा, त्यानं मराठी आणि कानडी दोन्हींत बोलावं, आणि काही घडलं तर लपवू नये. टेक्सासच्या गुराख्यांचं गाणं इथं उपयोगी पडलं.

15 मार्च

कमिटीबरोबर टेप घेऊन जागेवर गेलो. देवी जिथं गदगेवर (यात्रेतल्या आसनावर) बसणार त्या मंडपाकडं जाणारी वाट तोंडाशी 12 फूट रुंद आहे. पुढं पिठाच्या गिरणीची भिंत आणि जुन्या विहिरीचा कठडा यांच्यामध्ये ती 7 फुटांवर येते.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात सपाट वाटेला एक मीटर रुंदीमागं मिनिटाला 82 माणसं धरतात, जिन्याला 66. म्हणजे 12 फुटांच्या तोंडातून मिनिटाला तीनशे माणसं आत येऊ शकतात आणि 7 फुटांच्या चिमटीतून पावणेदोनशे पुढं जातात. दर मिनिटाला सव्वाशे मागं उरतात. दहा मिनिटांत साडेबाराशे, गिरणीच्या भिंतीशी. ओटी भरायला येणाऱ्या बायकांच्या हातात ताट असतं, कडेवर मूल असतं.

हा हिशेब मुलांनी तिथंच पाटीवर खडूनं मांडला आणि कमिटीच्या माणसांनी उभं राहून बघितला. शिस्तीचा मुद्दा मांडणारे सभासदच पहिले बोलले: तोंड सात फुटांवर आणा, आणि परतायची वाट वेगळी पाहिजे, मंडपाच्या मागून, ओढ्याकडंला. अक्षतारोपणाच्या, म्हणजे देवीच्या लग्नाच्या, दिवशी गर्दी सगळ्यांत जास्त असते, त्या दिवशी चिमटीशी दोन स्वयंसेवक फक्त मोजायला. चौरस मीटरला चार दिसले की तोंडाशी निरोप, रांग थांबवा. निरोप शिट्टीनं द्यायचा नाही. हिरवं आणि तांबडं फडकं, उंच काठीला.

22 मार्च

मजकूर पुरा झाला. अडकलेल्यासाठीचं पान तात्यांना वाचून दाखवलं: हात छातीपुढं आणा, कोपरं बाहेर, श्वासापुरती जागा राखा; लाटेच्या विरुद्ध रेटू नका, लाट ओसरली की तिरकं कडेकडं सरका; भिंत आणि कठडा टाळा; कुणी पडलं तर आधी त्याला उठवा; मूल खांद्यावर घ्या. त्यांनी एक सुचवलं ते घेतलं: काही खाली पडलं, चप्पल असो की मोबाइल, वाकू नका.

शेवटच्या पानावरची शब्दकथा मुलांनी स्वतः लिहिली. मेक्सिकोचे गुराखी, स्पॅनिश दणका, पोस्टाचं तिकीट, क्लोंडाइकचं सोनं सगळं आलं आहे, आणि तात्यांच्या दोन बैलांचं चित्र. माणसांच्या दुर्घटनेसाठी हा शब्द आम्ही का वापरला नाही हे एका मुलीनं दोन ओळींत लिहिलं, ते मी बदललं नाही.

29 मार्च

मजकूर बेळगावच्या छापखान्यात दिला. कानडी पानांची मुद्रितं सर तपासत आहेत. परतीच्या वाटेसाठी ओढ्याकडंचा बांध फोडायला शेतमालक तयार झाले, यात्रा झाल्यावर कमिटी तो पुन्हा घालून देईल. गिरणीजवळची खेळण्यांची दुकानं मारुतीच्या देवळामागच्या पटांगणात हलवायची आहेत. दुकानदारांना तिथली आखणी करून द्यायचं काम या आठवड्यात.